पायाखालचा समुद्र

गडमुडशिंगीतल्या माझ्या घरी, बाहेरच्या खोलीत, एक फोटो बरेच दिवस भिंतीवर होता. २०१८ च्या डिसेंबरात आम्ही घरची मंडळी मालवणला गेलो होतो. राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल आणि मालवण. आमच्याकडच्या माणसाला समुद्र म्हटला की बहुतेक वेळा हाच रस्ता आठवतो. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडीतून नेऊन पाण्याखालचे जग दाखवतात. मीही उतरलो. अंगात लाइफ जॅकेट, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. मला धरून असलेल्या मुलाने एका उंचवट्यावर पाय टेकवायला लावले, मान पाण्यात घालायला सांगितली आणि फोटो काढला. फोटोत मी अंगठा वर करून उभा आहे आणि भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे आहेत. घरी आल्यावर तो मोठा करून घेतला, फ्रेम केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत असे.

दोन-तीन वर्षांनी आमच्या गावचा एक मुलगा घरी आला. प्राणिशास्त्र शिकून तो पुढे समुद्राच्या अभ्यासाकडे वळला आहे. चहा पिता पिता त्याचे लक्ष त्या फोटोकडे गेले. तो उठून जवळ गेला आणि म्हणाला, “चाचा, पाय कशावर ठेवलाय ते बघितलंय काय?”

“खडक आहे की,” मी म्हणालो.

“खडक न्हाई चाचा, जित्राब हाय ते.”

मी चष्मा लावून पाहिले. माझ्या डाव्या पायाखाली तपकिरी-हिरवट, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक घरे असलेला एक गोल होता. ते प्रवाळ होते, आणि जिवंत होते. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.; विज्ञानाची माझी सोबत दहावीपर्यंतची. त्यातून पूर्वी एका कवितेत मी प्रवाळाला समुद्राचे फूल म्हणून बसलो होतो. म्हणजे एकदा शब्दाने चुकलो आणि एकदा पायाने. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. समुद्राच्या तळाशी काय आहे हे माणसाला कळते कसे, आणि तिथला नकाशा कॅमेऱ्याने कसा काढतात, हे मला जेवढे समजले तेवढे आज सांगतो.

आधी प्रवाळाविषयी. लहानपणी कुराण शिकताना सूरह रहमानमध्ये ‘मर्जान’ हा शब्द मला भेटला होता. मोत्यांच्या जोडीने तिथे त्याचा उल्लेख येतो. दादीने अर्थ सांगितला होता: पोवळे. तिच्या माळेत दोन लाल पोवळी होतीही. पण दागिन्यातले ते लाल पोवळे पूर्वापार मुख्यतः भूमध्य समुद्रातून आले आहे. मालवणच्या खडकांवर जे वाढते ते त्याचे लांबचे नातलग. ते ना लाल, ना दागिन्याच्या उपयोगाचे. एकेक प्रवाळ म्हणजे हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक जीव पाण्यातला चुना घेऊन आपल्याभोवती कठीण घर बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि घरमालकाला त्यातला मोठा वाटा देते. म्हणून अशा प्रवाळाला उजेड लागतो आणि गढूळ पाणी मानवत नाही. गोल, दगडासारखी वाढणारी प्रवाळे वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माझ्या टाचेखाली जे होते त्याचे वय कदाचित माझ्या धाकट्या मुलापेक्षा जास्त होते.

भारतातली मोठी प्रवाळक्षेत्रे चार: अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात. शाळेच्या पुस्तकात एवढीच नावे असत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नद्या गाळ आणतात, पावसाळ्यात समुद्र चहासारखा होतो. इथे प्रवाळ कुठले, असा समज होता. पण १९७० च्या दशकाच्या शेवटी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली. त्यात संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. सय्यद झहूर कासिम होते. हेच कासिम पुढे १९८१-८२ मध्ये भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते झाले. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातला गाभ्याचा भाग सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड या गाभ्यातच येतात.

आता खरा प्रश्न सुरू होतो. अभयारण्याची हद्द ठरली, पण ती पाण्याच्या पृष्ठभागावरची. कागदावर रेघ ओढली, खाली काय आहे? कुठे प्रवाळ, कुठे नुसता कातळ, कुठे वाळू, कुठे शेवाळाचे रान? आपल्या गावात जमिनीचा नकाशा असतो, गट नंबर असतात, बांध असतात. पण गटाच्या नकाशावरून शेतात ऊस आहे की भुईमूग हे कळत नाही. त्यासाठी पीकपाहणी लागते. समुद्रतळाच्या अधिवासाचा नकाशा म्हणजे समुद्राची पीकपाहणी. अधिवास म्हणजे जीव जिथे राहतो, खातो, पिले वाढवतो ती जागा. ही पाहणी झाली नसेल तर हद्द असूनही राखायचे काय हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

कुणी विचारेल, उपग्रह आहेत की, त्यातून दिसत नाही का? काही प्रमाणात दिसते. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून भारतातल्या प्रवाळक्षेत्रांचे नकाशे केले आहेत. २०२१ साली साऱ्या जगातल्या उथळ प्रवाळक्षेत्रांचा उपग्रहावरून केलेला नकाशाही पुरा झाला. लक्षद्वीपसारख्या नितळ पाण्यात ही युक्ती चालते. पण पाणी खोल किंवा गढूळ झाले की उपग्रहाची नजर अडते. मालवणला नेमके हेच होते. शिवाय तिथली प्रवाळे सलग पसरलेली नाहीत. खडकांवर ठिगळांसारखी आहेत, काही तर परातीएवढीच. आकाशातून ती ओळखायची म्हणजे विमानातून आमच्या परड्यातली मेथी ओळखण्यासारखे आहे.

तेव्हा कॅमेरा पाण्याखाली न्यावा लागतो. ही कल्पना जुनी आहे. १८९३ मध्ये लुई बुताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्राच्या किनारी पाण्याखाली फोटो काढले. १९२६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाजवळ पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो निघाले. त्यासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड पाडावा लागला होता. आज हातात मावणारा कॅमेरा हे काम करतो. पण हौशी फोटो वेगळा आणि मोजणीचा फोटो वेगळा. माझ्या फोटोत मी मध्यभागी होतो. मोजणीच्या फोटोत माणसाला जागा नसते.

मोजणीची रीत ऐकली तेव्हा मला पीक कापणी प्रयोगाची आठवण झाली. तालुक्यातले भाताचे उत्पन्न काढायचे तर सगळी शेते कापत नाहीत. चिठ्ठी काढल्यासारखे काही प्लॉट निवडतात, दहा मीटर बाय पाच मीटर जागा आखतात, तेवढीच कापून वजन करतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. पाण्याखाली तसेच. पाणबुडे तळावर मोजपट्टी अंथरतात. वीस मीटर, तीस मीटर, कुठे पन्नास मीटर. पट्टीच्या कडेने ठरावीक अंतरावर चौकट ठेवायची, बाजू अर्धा मीटर किंवा एक मीटर, आणि बरोबर वरून फोटो घ्यायचा. सगळे फोटो सारख्या उंचीवरून. जागा आधी ठरलेली. चौकटीत सुंदर प्रवाळ आले तरी फोटो, नुसती वाळू आली तरी फोटो. वाळूचा फोटो गाळला की हिशेब खोटा झाला.

यात अडचणी बऱ्याच आहेत. पहिली रंगाची. पाणी लाल रंग आधी गिळते. पाच-दहा मीटर खाली गेले की लाल जवळपास नाहीसा होतो आणि सगळे निळे-हिरवे दिसू लागते. म्हणून दिवे न्यावे लागतात, किंवा रंगाची ओळखीची पाटी चौकटीत ठेवून पुढे संगणकावर रंग दुरुस्त करावे लागतात. प्रवाळ निरोगी की फिके पडलेले हे रंगावरूनच कळते, त्यामुळे ही दुरुस्ती महत्त्वाची.

दुसरी अडचण मापाची. पाण्यात वस्तू जवळ आणि मोठी भासते. जिथे माणूस चौकट घेऊन जाऊ शकत नाही तिथे कॅमेऱ्याला दोन लेसर किरण जोडतात. दोन्ही समांतर, समजा बरोबर दहा सेंटिमीटर अंतरावर. फोटोत दोन ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांमधले अंतर माहीत असल्याने बाकी सगळे मोजता येते.

तिसरी अडचण पत्त्याची. फोटो काढला, पण तो कुठला? मोबाइलमध्ये जागा दाखवणारी जीपीएस यंत्रणा पाण्याखाली चालत नाही, कारण तिच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. त्यावर साधी युक्ती आहे. जीपीएस यंत्र तरंगत्या बोयावर ठेवायचे आणि बोया दोरीने पाणबुड्याच्या मागे ओढायचा. कॅमेऱ्याचे घड्याळ आणि यंत्राचे घड्याळ सेकंदापर्यंत जुळवून घ्यायचे. नंतर दहा वाजून चार मिनिटांनी काढलेला फोटो घ्यायचा, त्या वेळी बोया कुठे होता ते बघायचे, की फोटोला पत्ता मिळाला. दोरी तिरकी झाली तर काही मीटर चूक होते. तीही नोंदवून ठेवतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्याकडे ई-पीक पाहणी आली. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि फोटोबरोबर जागाही नोंदली जाते. समुद्रातले काम त्याच जातीचे आहे, फक्त तिथे बांधावर उभे राहता येत नाही.

फोटो हातात आले, पुढे काय? त्या मुलाने मला हे माझ्याच फोटोवर करून दाखवले. भिंतीवरची फ्रेम उतरवली, काच काढली, फोटो जमिनीवर ठेवला. घरातून तुरीचे वीस दाणे मागवले आणि डोळे मिटून ते फोटोवर टाकायला सांगितले. मग एकेक दाणा कशावर पडला ते लिहिले. नऊ दाणे कातळावर. पाच प्रवाळावर. तीन वाळूवर. दोन शेवाळावर. आणि एक माझ्या पायावर. वीसपैकी पाच, म्हणजे त्या तुकड्यात प्रवाळ साधारण पंचवीस टक्के. शास्त्रज्ञ हेच संगणकावर करतात. संगणक प्रत्येक फोटोवर यदृच्छेने, समजा पन्नास ठिपके टाकतो. अभ्यासक एकेका ठिपक्याखाली काय आहे ते सांगतो: जिवंत प्रवाळ, मेलेले प्रवाळ, शेवाळ, स्पंज, वाळू, तुटका चुरा. शेकडो फोटोंचे हजारो ठिपके होतात. आता हे काम संगणकाला शिकवतात. माणसाने ओळखलेले ठिपके आधी त्याला दाखवायचे, मग तो नवे फोटो स्वतः वाचतो. तरी काही फोटो माणूस पुन्हा तपासतो, कारण गाळाचा थर बसलेले प्रवाळ आणि गाळ बसलेला खडक यांत यंत्र फसते. मी तर विनागाळाच्या प्रवाळालाही फसलो होतो.

मी त्याला म्हणालो, “म्हणजे मालवणात पंचवीस टक्के प्रवाळ आहे तर.” तो हसला. “चाचा, ही जागा तुम्हांला फोटो चांगला यावा म्हणून निवडली होती. एका फोटोवरून समुद्र मोजायचा नसतो.” एक चांगला फोटो दाखवून सगळे आलबेल आहे म्हणता येते, आणि एक वाईट फोटो दाखवून सगळे संपले असेही म्हणता येते. दोन्ही खोटे. मोजणीचा सगळा खटाटोप या दोन खोट्यांतून सुटण्यासाठी आहे.

पण टक्केवारी म्हणजे अजून नकाशा नव्हे. फोटो ठिपक्याठिपक्यांच्या जागचे आहेत, मधली जागा रिकामी आहे. ती भरायला ध्वनी मदतीला येतो. होडीखालच्या यंत्रातून आवाजाच्या लहरी पंख्यासारख्या खाली सोडतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो. तळावर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली कळते. परतलेला आवाज जोरकस असेल तर तळ कठीण, मऊ असेल तर गाळ. यातून तळाचा चढउतार आणि कठीणपणा यांचा सलग पट मिळतो, पण तो आंधळ्याने हाताने चाचपडून पाहिल्यासारखा. कठीण आहे हे कळते; त्यावर प्रवाळ आहे की कालवे, हे कळत नाही. ते फोटो सांगतात. ज्या ठिकाणचे फोटो आहेत तिथे ध्वनी कसा परतला, खोली किती, उतार किती, हे पाहून जोड्या लावतात आणि मग तसाच ध्वनी देणाऱ्या बाकीच्या जागी काय असावे याचा अंदाज करतात. काही फोटो मुद्दाम बाजूला ठेवलेले असतात. नकाशा तयार झाला की त्या फोटोंशी ताडून तो किती ठिकाणी बरोबर आला ते पाहतात. चांगल्या नकाशाबरोबर तो किती चुकतो हेही छापलेले असते. मला ही गोष्ट फार आवडली. कवितासंग्रहात आम्ही अशी सोय ठेवत नाही.

आता जरा खोल समुद्रात जाऊ. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या थोडे पुढे समुद्रात एक बुडालेले पठार आहे. त्याचे नाव अँग्रिया बँक. बँक म्हणजे इथे समुद्रातला उंचवटा. आणि अँग्रिया म्हणजे आपले आंग्रे. सरखेल कान्होजी आंग्र्यांचे नाव इंग्रजांच्या तोंडी असे झाले आणि नकाशावर राहिले. हे पठार उत्तर-दक्षिण सुमारे चाळीस किलोमीटर लांब आहे. माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, आणि कडेला तळ एकदम शेकडो मीटर खोल जातो. नद्यांचा गाळ एवढ्या लांब पोहोचत नाही, म्हणून तिथले पाणी नितळ आहे आणि प्रवाळ भरपूर. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्या पाणबुड्यांनी तिथे उतरून ते जग लोकांपुढे आणले. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांचे एक पथकही तिथल्या अभ्यासासाठी गेले होते. पण त्या खोलीवर पाणबुड्याला फार वेळ थांबता येत नाही. तिथे होडीमागून ओढायचे कॅमेरे, दोरीने सोडायचे कॅमेरे आणि वरून चालवायचे पाणयंत्र हाच मार्ग. आणि जगाचे म्हणाल तर २०२५ पर्यंत साऱ्या समुद्रतळापैकी आधुनिक यंत्रांनी नुसती खोली नीट मोजलेला भाग पाव हिश्शापेक्षा थोडाच अधिक होता. तिथे राहते कोण, ही पाहणी त्याहून कितीतरी मागे आहे.

असा नकाशा एकदा करून भागत नाही. पाण्याचे तापमान नेहमीपेक्षा वाढले आणि तसेच राहिले की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. ते लगेच मरत नाही. पण उपाशी राहते. पाणी लवकर निवले तर वाचते, नाहीतर मरते आणि त्यावर शेवाळ चढते. एप्रिल २०२४ मध्ये जगाच्या अनेक समुद्रांत एकाच वेळी हे घडत असल्याचे जाहीर झाले. नोंदीतली ही चौथी जागतिक वेळ. मालवणच्या प्रवाळांनाही हा त्रास झाल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. पण किती घटले हे सांगायला आधी किती होते ते माहीत हवे. त्याच पट्टीवर, त्याच चौकटीत, दर वर्षी काढलेला फोटो ही ती नोंद आहे. सातबारा जुना असला तर वादात उपयोगी पडतो, तसेच हे.

गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मालवणच्या प्रवाळांवर पर्यटनाचा काय परिणाम होतो याचाही अभ्यास केला आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात पर्यटकांना पाण्यात उतरवण्याच्या धंद्यामुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचे दाखवले आहे. मला तो अभ्यास वाचायला जड गेला, इंग्रजीमुळे नव्हे. त्यात माझाही एक पाय होता.

आता थोडे माणसांविषयी. अभयारण्य जाहीर झाल्यापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. पोटापाण्याच्या जागेवर सरकारने रेघ ओढली आणि उद्या इथे जाळे टाकू नका म्हणाले तर? त्यांच्याकडेही समुद्रतळाचा नकाशा असतोच, फक्त तो कागदावर नसतो. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून खालचा खडक ओळखायचा, गळाला तांबोशी कुठे लागते, गोबरा कुठल्या कपारीत असतो, शेवंड कुठे मिळते, हे बापाकडून लेकाकडे आलेले ज्ञान आहे. हे मासे खडकाच्या आणि प्रवाळाच्या आसऱ्यानेच राहतात. म्हणजे प्रवाळ टिकण्यात मच्छीमाराचे हित आहे, आणि प्रवाळ कुठे आहे हे शोधायला मच्छीमाराची मदत लागते.

मला वाटते, फोटोंवरून केलेल्या नकाशाचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे. एकोणतीस चौरस किलोमीटरवर भांडण होऊ शकते. पण “या कातळाच्या उत्तर अंगाला, एवढ्या तुकड्यात प्रवाळ आहे, हा त्याचा फोटो” असे म्हटले की बोलणे सुरू होते. इथे नांगर टाकू नये, होडी बांधायला कायमचा बोया बसवावा. शेजारी वाळू आहे, तिथे टाका. हा तुकडा पर्यटकांपासून राखावा, तो दाखवायला ठेवावा. वनखात्याचा माणूस, मच्छीमार, पर्यटकांना नेणारा होडीवाला, तिघे एकाच चित्रावर बोट ठेवून बोलू शकतात. अर्थात हे आपोआप होत नाही. नकाशा कचेरीच्या कपाटात राहिला आणि ज्याच्या पाण्याचा आहे त्याला दाखवलाच नाही, तर तोही आणखी एक रेघ होऊन बसेल. आणि मच्छीमाराच्या माहितीवर केलेला नकाशा उद्या त्याच्याच विरुद्ध वापरला जाणार नाही, एवढा विश्वास आधी कमवावा लागेल.

नकाशा असला की काय करता येते याचे एक उदाहरण मुंबईत घडले. सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली भागातली प्रवाळे येत होती. ती शोधून नोंदवली होती, म्हणून २०२० साली गोव्याच्याच संस्थेच्या मदतीने १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवता आल्या. हाजी अलीच्या दर्ग्याला मी कितीदा गेलो असेन. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या खडकांकडे कधी त्या नजरेने पाहिले नव्हते. रस्ता बरा की प्रवाळ, हा वाद वेगळा. पण जे आहे हेच माहीत नसेल त्याच्यासाठी वादसुद्धा होत नाही. ते मुकाट्याने भरावाखाली जाते.

कडक कवचाच्या सगळ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. वाघही त्याच अनुसूचीत. दाजीपूरच्या जंगलात कुणी गव्याच्या पाठीवर उभा राहून फोटो काढायला गेला तर आपण त्याला वेड्यात काढू, आणि गवाही त्याला सोडणार नाही. प्रवाळाला शिंग नाही, आवाज नाही, पळायला पाय नाहीत. ते जित्राब आहे हेच आपल्याला ठाऊक नसते.

सुट्ट्या लागल्या की आमच्या भागातल्या गाड्या घाट उतरू लागतात. जरूर जा. मालवणच्या माणसाचा संसार त्यावर चालतो. पाण्यातही उतरा. पण तरंगत राहा. पाय टेकवायला सांगितले तर नको म्हणा. होडीवाल्याला आधीच विचारा, नांगर कुठे टाकणार? गिऱ्हाईक विचारू लागले की धंद्याची रीत बदलते, हे कोल्हापूरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

तो फोटो मी पुन्हा भिंतीवर लावला नाही. टाकूनही दिला नाही. त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: कातळ नऊ, प्रवाळ पाच, वाळू तीन, शेवाळ दोन, पाय एक. गावातले कुणी मालवणला निघाले की मी तो कपाटातून काढतो, तुरीचे दाणे मागवतो आणि त्यांच्या हातात देतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)